हात वाळवायचं यंत्र बंद आहे

शनिवारी साडेआठला मी कुलूप काढते.
वेल्सच्या पश्चिम टोकाचं हे बंदर, आणि त्यामागचं
जाळी विणायचं जुनं गोदाम, आता भाड्याचा हॉल.
भिंतींना अजून डांबराचा वास.
छत ठिबकतं ते बरोब्बर
आमच्या संस्थेचं रजिस्टर ठेवायच्या टेबलावर.

आधी दिवे. चौथी ट्यूब फडफडते, ती काढून ठेवायची.
मग बाथरूममधलं हात वाळवायचं यंत्र:
त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर चिकटपट्टी,
आणि टेगिदच्या वाकड्या अक्षरात पाटी : बंद आहे.
बिघडलेलं नाही ते. गरजतं, एवढंच.
नव्या माणसाला हे दोनदा सांगावं लागतं.

मागच्या वर्षी आमच्या खात्यात
तीनशे बारा पौंड होते, आणि दारात एक उसनी घसरगुंडी.
ह्यूनं पैजेवर भर बाजारात दाढी उतरवली,
चॅपलच्या बायकांनी केक विकले,
मासळीच्या लिलावात खोकंभर खेकडे
आमच्या नावानं बाजूला काढले गेले.
त्यातून आल्या वजनदार रजया, गाणी न वाजवणारे सहा हेडफोन,
आणि मुलांना बोलायला शिकवणारी बाई.
तिनं पहिले दोन महिने आम्हालाच गप्प बसवलं.

माक्सेन सगळ्यात आधी येतो. कोट न काढताच सांगतो,
"सात एकेचाळीस. सहा पूर्णांक दोन मीटर."
भरतीची वेळ. कधी चुकत नाही.
त्याचा आजा चाळीस वर्षं समुद्रावर होता.
तो दारातच उभा राहायचा, हातात टोपी,
आणि दर आठवड्याला विचारायचा, कधी बरा होणार हा?
आता विचारतो, "उद्या ओहोटी किती वाजता रे?"
आणि मनगटावर पेनानं लिहून घेतो.

माझा भाऊ इवोर चॅपलच्या खिडक्यांच्या काचा मोजायचा.
एकशे अठ्ठ्याऐंशी. मध्येच कुणी हाक मारली की
किंचाळून पहिल्यापासून.
बासष्ट साली त्याला डोंगरावरच्या इस्पितळात नेलं.
आईनं सोबत बटणांचा डबा दिला होता.
तो डबा परत आला.

तर ऑक्टोबरात एक निळी गाडी येऊ लागली.
इंजिन बंद, काचा वर.
पुढे बाई. मागे मुलगी, तिच्या मांडीवर
भाजी निथळायची चाळणी.
तीन शनिवार कुणी उतरलं नाही.
टेगिद म्हणाला, जाऊन टकटक कर.
मी म्हटलं, ती टकटक म्हणजे पुन्हा तेच यंत्र.
चहाचा कप बॉनेटवर ठेवून आले.
पहिला तिथंच गार झाला, सीगलनं त्यात चोच बुडवली.
दुसरा रिकामा मिळाला, तळाशी साखर.

चौथ्या शनिवारी दोघी आत आल्या. लौरी आणि हेलेध.
मुलगी थेट खिडकीशी गेली, चाळणीतून उजेड बघू लागली.
माक्सेन तिच्यापासून तीन हातांवर बसला
आणि भिंतीकडे तोंड करून
तिला पुढच्या मंगळवारपर्यंतच्या भरत्या सांगितल्या.

लौरी म्हणाली, जरा टेकते.
व्यायामाच्या गादीवर टेकली, बुटांसकट,
आणि झोपली.

ह्यूनं किटली उकळण्याआधीच बंद केली.
साडेबाराला कराटेवाले येतात; हॉल त्यांचा.
दारात त्यांचे मास्तर, पांढऱ्या कपड्यांत, मागे चौदा पोरं.
मी ओठांवर बोट ठेवलं, गादीकडे दाखवलं.
त्यांनी आत डोकावून पाहिलं, काही विचारलं नाही.
पोरं पार्किंगमध्ये रांगेत उभी राहिली
आणि वाऱ्यात हात-पाय झाडत राहिली
एकही आरोळी न देता.

एकला ती दचकून उठली,
गालावर गादीची शिवण.
किती वेळ? किती वेळ झाला?
माक्सेन म्हणाला,
"ओहोटी लागून बावीस मिनिटं."